दक्षिणद्वार म्हणजे नेमकं काय? वाडीचं पाणी कसं चढतं आणि कुठवर गेलं की सावध व्हायचं

जुलै लागला, घाटमाथ्यावर चार दिवस सलग पाऊस झोडपायला लागला, की शिरोळ तालुक्यातल्या मोबाईलवर एकच प्रश्न फिरू लागतो – ‘वाडीत दक्षिणद्वार झालं का?’

प्रश्न एक असला तरी विचारणाऱ्यांची कारणं वेगळी असतात. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या दत्तभक्ताला स्नानाला निघायचं असतं. नदीकाठच्या शेतकऱ्याची पाण्याची मोटार अजून काठावरच असते, ती आज रात्रीच वर ओढायची की सकाळपर्यंत थांबायचं हे त्याला ठरवायचं असतं. आणि औरवाड, गौरवाड, बुबनाळ, आलास या बाजूच्या माणसाला उद्या दूध डेअरीला आणि पोरं शाळेला कुठल्या रस्त्यानं जाणार याची काळजी असते. मंदिरातला एक धार्मिक सोहळा असा सगळ्या पंचक्रोशीचा पाण्याचा निरोप होऊन बसला आहे. बाहेरच्या बातम्यांत मात्र फोटो आणि गर्दी एवढंच येतं. सोहळा होतो कसा आणि त्यानंतर पाणी कुठं जातं, हे सहसा कुणी सांगत नाही.

दोन नद्यांच्या बेचक्यात

सरकारी कागदावर गावाचं नाव नृसिंहवाडी. लोकांच्या तोंडी नरसोबाची वाडी, आणि या भागात तर नुसतं ‘वाडी’ म्हटलं तरी पुरतं. जयसिंगपूरहून साधारण 15 किलोमीटर. सांगलीकडून खाली येणारी कृष्णा आणि कोल्हापूर, इचलकरंजीकडून येणारी पंचगंगा इथं मिळतात. त्या दोघींच्या बेचक्यातच गाव वसलं आहे. पंचगंगेच्या पलीकडे कुरुंदवाड, कृष्णेच्या पलीकडे औरवाड. औरवाडचं जुनं नाव अमरापूर, तिथलं अमरेश्वराचं देऊळ वाडीपेक्षाही जुनं मानलं जातं.

वाडीचं नाव झालं ते श्री नृसिंह सरस्वतींमुळे. विदर्भातल्या कारंजा इथं जन्मलेले हे संन्यासी औदुंबर इथं एक चातुर्मास राहिले, तिथून संगमावर आले आणि 12 वर्षं राहिले, अशी परंपरा आहे. पुढे ते गाणगापूरला गेले. जाताना इथं पादुका ठेवून गेले. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त हे सगळं येतं. औदुंबरच्या त्या विमल पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका आणि वाडीच्या मनोहर पादुका, ही नावं दत्तभक्तांना पाठच असतात. आलास गावचे भैरंभट हे पहिले पुजारी मानले जातात आणि आजचे पुजारी स्वतःला त्यांचेच वंशज सांगतात.

पहिल्यांदा येणाऱ्याला एक गोष्ट खटकते. मंदिराला कळस नाही, आणि आत दत्ताची मोठी मूर्तीही नाही, पादुकाच आहेत. बांधणी मशिदीसारखी वाटते. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी इथं आल्यावर परत आली, म्हणून बादशहानं मंदिर बांधून दिलं आणि औरवाड व गौरवाड ही दोन गावं इनाम दिली, अशी कथा वाडीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथेचं काय ते असो. पण वाडीच्या माणसाला त्या बिनकळसाच्या देवळाचं कधी अवघड वाटलं नाही, उलट बाहेरून आलेल्या पाहुण्याला तो ते कौतुकानं दाखवतो.

दुसरी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे मंदिराची जागा. बहुतेक गावात देवाला चढून जावं लागतं. वाडीत पायऱ्या उतरून जावं लागतं. देव खाली नदीच्या अंगाला आणि गाव वर. दक्षिणद्वाराची सगळी गोष्ट या पायऱ्यांवरच उभी आहे.

पाणी आत येतं कसं

उन्हाळ्यात कृष्णा घाटाच्या पार तळाशी असते. जूनअखेर ती पायऱ्या चढू लागते. आधी घाटावरची छोटी देवळं पाण्यात जातात, मग पाणी मुख्य मंदिराच्या ओट्याला टेकतं. इथून पुढचा एकेक फूट वाडीकर डोळ्यांत तेल घालून बघतात.

कृष्णा इथं उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पाणी ठरावीक उंचीला आलं की ते मंदिराच्या उत्तर दरवाजातून आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दरवाजातून बाहेर पडतं. हेच दक्षिणद्वार. नदीनं स्वतः येऊन गुरूंच्या पादुकांना स्नान घातलं, तर ते पाणी तीर्थ झालं, असा भाव आहे. म्हणून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडणाऱ्या त्या पाण्यात उभं राहून भक्त स्नान करतात. पाण्याला दिवस-रात्र कळत नाही, त्यामुळे सोहळा कधी भर दुपारी होतो, कधी रात्री दोन-तीनला. तरी माणसं अंगावर टॉवेल टाकून रांगेत उभी असतात.

यात बारकाई अशी की दक्षिणद्वार म्हणजे ‘मंदिरात पाणी शिरलं’ एवढंच नव्हे. पाणी कमी असेल तर ते पादुकांवरून पुढे जात नाही. जास्त झालं तर मंदिरच पाण्याखाली जातं, दारातून बाहेर पडणारा प्रवाह राहत नाही आणि आत उतरणं जिवावरचं होतं. म्हणजे दोन्हींच्या मधली एक पट्टी आहे, पाणी त्या पट्टीत असेल तेवढा वेळच दक्षिणद्वार. कधी हा वेळ भरपूर मिळतो, कधी पाणी इतक्या झपाट्यानं चढतं की बातमी वाचून गाडी काढणारा पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

पाणी चढताना होतं ते चढतं दक्षिणद्वार. पूर ओसरताना पाणी पुन्हा त्याच पट्टीत येतं, ते उतरतं दक्षिणद्वार. चांगल्या पावसाच्या वर्षी हे चढणं-उतरणं एकाहून जास्त वेळा होतं, म्हणून बातमीत ‘यंदाचं पहिलं’, ‘दुसरं’ असे शब्द दिसतात. पाऊस ओढ देतो त्या वर्षी मात्र वाट बघत बसावं लागतं.

भक्ताला दोन्ही सारखीच पुण्याची. काठच्या शेतकऱ्याला तसं नाही. चढतं दक्षिणद्वार त्याला ‘आवर’ म्हणून सांगतं, उतरतं दक्षिणद्वार ‘आता दम खा’ म्हणतं.

पाण्याबरोबर देवही वर येतो

पाणी मंदिरात यायच्या बेतात असलं की उत्सवमूर्ती तिथून हलवली जाते. वरच्या बाजूला श्री नारायणस्वामींचं मंदिर आहे, तिथं ती दर्शनासाठी ठेवतात. पाणी तिथंही यायला लागलं तर मूर्ती आणखी वर, टेंबे स्वामींच्या मठाकडे नेली जाते. नित्याची पूजा, आरती, करुणात्रिपदी काही थांबत नाही, जागा तेवढी बदलते. (करुणात्रिपदी रचणारे वासुदेवानंद सरस्वती म्हणजेच टेंबे स्वामी. जन्म 1854, कोकणातलं माणगाव. समाधी 1914, गुजरातमधलं गरुडेश्वर. वाडीशी त्यांचा संबंध फार जवळचा.)

वारसा म्हटलं की आपल्याकडे दगडी खांब आणि शिलालेख दाखवतात. वाडीचा खरा वारसा या वर-खाली होण्यात आहे. पाणी कुठल्या पायरीला आलं की काय उचलायचं, कुठल्या खुणेला आलं की मूर्ती हलवायची, हे पुजाऱ्यांच्या घरात ठरलेलं असतं. पुराला इथं आजवर कुणी अडवलं नाही. त्याला जागा करून देण्याची, आपण मागं सरण्याची रीत पडली. शहाणपणा म्हणायचा तर तो हाच. नदीच्या तोंडावर इतकी शतकं एखादं ठिकाण टिकतं ते अशा सवयींवर.

घाटावर पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी विकणाऱ्या दुकानदारांनाही ही सवय आहे. पहिली पायरी बुडाली की फळ्या, टेबलं वर जातात. अडचण येते ती पाणी सवयीच्या बाहेर गेल्यावर.

एवढं पाणी येतं कुठून

वाडीत पाऊस नसतानाही पाणी का चढतं, हा प्रश्न नव्या माणसाला हमखास पडतो. शिरोळ तालुक्यात स्वतःचा पाऊस तसा बेताचाच. पाणी येतं ते वरून.

कृष्णेत महाबळेश्वरच्या अंगाचं पाणी तर असतंच, त्यात कराडला कोयना मिळते. कोयना धरण 105 टीएमसीचं. त्याचे दरवाजे उघडले की ते पाणी कराड, सांगली करत खाली येतं. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, चांदोलीच्या धरणाचं पाणी घेऊन. दुसरीकडून पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा नद्यांचं पाणी तिच्यात येतं. भोगावतीवर राधानगरी धरण आहे, आणि त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक उंचीला गेलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही.

ही सगळी पाणी वाडीत एकत्र येतात. त्यात आणखी एक गोम आहे. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला आत शिरायला वाट मिळत नाही. ते मागं तटतं आणि काठावर पसरतं. लोक त्याला फुगवटा म्हणतात. म्हणून कधी कधी कोल्हापुरात पाणी ओसरू लागलं तरी कुरुंदवाड, शिरढोण, वाडी या पट्ट्यात ते हलत नाही. कोल्हापूरचे पाहुणे फोन करून ‘आमच्याकडं उतरलं की’ म्हणतात, आणि इकडं अंगणातली खूण बुडत असते.

म्हणून दक्षिणद्वाराचा अंदाज घ्यायचा तर दोन आकडे एकदम बघावे लागतात. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. एकच नदी चढत असेल तर गोष्ट वेगळी. दोन्ही एकाच वेळी इशाऱ्याकडे निघाल्या असतील तर वाडीत दक्षिणद्वाराच्या पट्टीवर पाणी फार वेळ थांबणार नाही, ते पुढे जाणार असं धरून चालावं. याशिवाय डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आहेतच. पंचगंगेवरचा तेरवाड बंधारा, कृष्णेवरचा राजापूर बंधारा, मग औरवाडकडचा जुना पूल. एकेक करत हे पाण्याखाली जातात आणि रस्ते बंद होत जातात.

सवयीच्या बाहेरचं पाणी

2005, 2019, 2021. अवघ्या 16 वर्षांत तीन महापूर या काठानं बघितले.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या खुणेपेक्षा 12 फूट जास्त. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर होती. शिरोळ तालुक्यातली काठावरची गावंच्या गावं रिकामी करावी लागली. माणसं नावेतून निघाली, जनावरं सोडून जायला तयार नव्हती म्हणून कित्येक जण मागं राहिले. दक्षिणद्वाराची पट्टी तेव्हा कुठल्या कुठं खोल गेली होती. त्या वर्षाची आठवण काढली की माणसं पाण्यापेक्षा जास्त बोलतात ते नंतरच्या वासाबद्दल, भिजून कुजलेल्या धान्याच्या, मेलेल्या जनावरांच्या.

दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैमध्ये, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 56 फुटांवर गेली. 2019 पेक्षाही वर. ज्यांनी ‘असं शंभर वर्षांत एकदा’ म्हणून घराला पुन्हा रंग दिला होता, त्यांच्या भिंतीवर दुसरी रेघ उमटली.

मंदिर दोन्ही वेळा पाण्यातून बाहेर आलं, धुऊन घेतलं आणि पूजा सुरू झाली. दगडाचं ते काम, पाण्यात राहण्यासाठीच जणू बांधलेलं. घरांचं तसं नाही. मातीच्या भिंती, सिमेंटच्या पत्र्यांची घरं, तळघरात माल ठेवलेली दुकानं, फ्रीज, शिलाई मशीन, पोरांची पुस्तकं. देवाला वरचा मठ आहे, पण प्रत्येक घराला वरची जागा नाही. पुनर्वसनाचा प्रश्न म्हणतात तो हाच, आणि तो पूर ओसरला की बातम्यांतूनही ओसरतो.

आलमट्टी धरणाचा वाद या भागात चहाच्या गाड्यावरही चालतो. कर्नाटकातल्या या धरणाची पाणीपातळी 519.60 मीटर आहे, ती 524.256 मीटर करायचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे. उंची वाढली तर फुगवटा मागं सांगली-कोल्हापूरपर्यंत येईल, अशी इथल्या लोकांची भीती आहे आणि त्यासाठी आंदोलनंही झाली. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं मात्र आलमट्टीला मुख्य कारण ठरवलं नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली, पूररेषेतली अतिक्रमणं याकडे बोट दाखवलं. समितीचं म्हणणं काठावर सगळ्यांना पटलेलं नाही. पण पूररेषेत भराव टाकून नवी बांधकामं होताना सगळे रोज बघतात, हेही तितकंच खरं.

खाली खिद्रापूर, वर मळीची शेतं

वाडीला आलेला माणूस बहुतेकदा बासुंदी बांधून घेतो आणि परत फिरतो. तसं करू नये. कृष्णेच्याच काठानं खाली गेलं की खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर लागतं. शिलाहारांच्या काळचं, कोरीव कामानं भरलेलं. त्याच्या स्वर्गमंडपाला 48 खांब आहेत आणि वर छताच्या जागी गोल मोकळं आभाळ. महापुराचं पाणी त्या बाजूलाही जातं.

आणि पूर नुसता नेतो असंही नाही. ओसरताना तो गाळ सोडून जातो. त्या मळीच्या जमिनीत येणारी कृष्णाकाठची वांगी बाजारात नावानं मागून घेतली जातात. आजही काठाला राहायचा हट्ट लोक का धरतात, याचं अर्धं उत्तर त्या वांग्यात आहे.

जाणार असाल तर

दक्षिणद्वाराच्या स्नानाला जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. पहिली म्हणजे मोबाईलवर आलेला व्हिडिओ आजचाच असेल असं नाही. दरवर्षी पाऊस सुरू झाला की मागच्या सालचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. ओळखायचं कसं? तारीख-वेळ सांगितलेली नसेल तर विश्वास ठेवू नये, वाडीत किंवा कुरुंदवाडात ओळखीच्या कुणाला तरी फोन करून विचारावं. निघताना येण्या-जाण्याच्या दोन्ही रस्त्यांची चौकशी करावी. जाताना उघडा असलेला पूल चार तासांनी बंद असू शकतो.

स्नान दाराजवळच, देवस्थानाची माणसं आणि बचाव पथक सांगतील तेवढ्याच जागेत करायचं. दोरीच्या पलीकडे पायऱ्या आहेत असं आठवत असलं, तरी गढूळ पाण्यात पायरी दिसत नाही आणि शेवाळावर पाय ठरत नाही. बाहेर प्रवाहाचा जोर वेगळाच असतो. लहान पोरांना खांद्यावर घेऊन पाण्यात उतरणारे दरवर्षी दिसतात, त्यांना हटकायला वाडीकर कंटाळले आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी तीर्थ वर आणून मिळतं, त्यांनी खाली यायचा हट्ट धरू नये. पाणी मंदिरावरून गेलं असेल तर दर्शन वरच्या मंदिरात सुरू असतं, तिथं जावं.

मोठी गर्दी टाळायची असेल तर गुरुद्वादशी, दत्तजयंती, गुरुप्रतिपदा हे दिवस सोडून एरवी यावं. गुरू कन्या राशीत आला की 12 वर्षांनी कन्यागताचा पर्वकाळ भरतो. मागचा 2016 च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यातच सुरू झाला होता. पुढचा 2028 च्या सुमारास येईल. नदीचं पाणी आणि माणसांचा लोंढा दोन्ही एकदम आले तर काय, याची तयारी तेव्हा वाडीला करावीच लागणार आहे.

पूर उतरला, उतरतं दक्षिणद्वार होऊन गेलं, की घाटावर दुसरीच गर्दी दिसते. खराटे, फावडी, पाण्याचे पाईप. गाभाऱ्यातला, ओट्यावरचा गाळ ओला असतानाच काढावा लागतो. वाळला की दगडाला धरून बसतो. सेवेकरी, पुजारी, गावातली पोरं सगळी त्यात असतात. गाळ निघाला, पादुका धुतल्या, की उत्सवमूर्ती पायऱ्या उतरून पुन्हा खाली येते. त्याच दिवसांत काठच्या शेतकऱ्यांच्या मोटारीही ट्रॅक्टरवरून परत नदीकडे निघालेल्या असतात. काही जण मात्र थांबतात. राधानगरीचे दरवाजे बंद झाल्याचं कळल्याशिवाय ते मोटार खाली नेत नाहीत.